गाण्याचे मुखपृष्ठ

आमच्या संग्रही उस्ताद अमीर खाँ यांची एक तबकडी आहे. १९६० साली निघालेल्या या तबकडीच्या एका बाजूस मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. मारवा हा दिवस मावळतानाचा राग, आणि दरबारी मध्यरात्रीकडे झुकलेला. १९७१-७२ च्या सुमारास आम्ही ती पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतली. कव्हर शाबूत होते. पण तबकडीच्या मधोमध चिकटवलेली गोल लेबले दोन्ही बाजूंनी ओलीने सुटून गेली होती. कव्हरावर आधी मारव्याचे नाव आणि मग दरबारीचे. जी बाजू हाताला आधी लागली तीच आम्ही पहिली धरली आणि रोज दिवेलागणीला मारवा ऐकू लागलो. काय त्या मारव्याची हुरहूर! सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला रेंगाळणारी तांबूस पट्टी आम्हाला खाँसाहेबांच्या स्वरांत अगदी स्पष्ट दिसे. मित्रांना बोलावून आम्ही ती दाखवीतही असू. असे चार-सहा महिने चालले. एका संध्याकाळी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांनी तरुणपणी थोडीफार तालीम घेतली होती, जिना चढून आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "काय रे, दिवेलागणीला दरबारी का लावून बसलास?"

आमच्या अज्ञानाला हसणे सोपे आहे, आणि त्या दिवशी ते गृहस्थ पोटभर हसलेही. पण ते गेल्यावर एक प्रश्न मागे राहिला. ती तांबूस पट्टी आली कोठून? खाँसाहेबांनी ती गायिली नव्हती. ती आम्हाला कव्हरावरच्या तीन अक्षरांनी दाखवली होती. आम्ही कानांनी दरबारी ऐकत होतो आणि डोळ्यांनी मारवा वाचत होतो, आणि दोहोंत डोळ्यांनी कानांवर मात केली होती. तेव्हापासून ध्वनिमुद्रिकेचे कव्हर ही वस्तू आम्हाला निरुपद्रवी वाटेनाशी झाली. तबकडीला धूळ लागू नये म्हणून घातलेला हा पुठ्ठा आला कसा, आणि त्याने आपल्या ऐकण्यात कितपत ढवळाढवळ केली, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

गाणे ही केवळ कानांची बाब आहे असे आपण म्हणतो खरे, पण आपल्याकडे ती तशी कधीच नव्हती. बैठकीत बसलेल्या माणसाला गवयाचा उठलेला हात दिसतो, तंबोऱ्याला टेकलेली मान दिसते, समेवर येताना तबलजीकडे टाकलेला कटाक्ष दिसतो. पुढच्या रांगेतले जाणते श्रोते कोठे माना डोलावतात ते पाहून मागचे नवखे श्रोते दाद द्यायला शिकतात. २०१३ साली चिया-जुंग त्साय या संशोधिकेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धांतील वादकांचे तुकडे काही लोकांना नुसते ऐकवले, तर काहींना आवाज बंद करून नुसते दाखवले. कोण जिंकले असेल हे आवाज न ऐकता पाहणाऱ्यांनी अधिक अचूक ओळखले, आणि ओळखणाऱ्यांत व्यावसायिक संगीतकारही होते! हा प्रयोग पाश्चात्य संगीताचा होता, तेव्हा तो जसाच्या तसा आपल्या गळ्यात बांधण्याचे कारण नाही. तथापि ऐकणाऱ्याचा डोळा स्वस्थ बसत नाही एवढे त्यावरून दिसते.

ध्वनिमुद्रणाने पहिली गोष्ट केली ती ही की, हा डोळा बांधून टाकला. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. तीन-साडेतीन मिनिटांत राग, अस्ताई, तान सगळे उरकायचे होते. ते संपताच ती ठसक्यात इंग्रजीतून आपले नाव सांगते. त्या तबकड्या ऐकताना पुष्कळांना या घोषणेची गंमत वाटते. कोणाला तीत गर्व दिसतो, कोणाला नखरा. खरे कारण साधे होते असे सांगतात. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. १९०८ मध्ये कलकत्त्याला कारखाना निघेपर्यंत हीच रीत होती. तेथील कारागिरांना ना भाषा कळे, ना एक गाणारीण दुसरीपासून ओळखू येई. लेबलावर कोणाचे नाव घालायचे हे त्यांना कळावे म्हणून गायकाने नाव उच्चारायचे. म्हणजे त्या काळी गाण्याचे मुखपृष्ठ गाण्याच्या पोटातच होते. ते शेवटी यायचे आणि गायकाच्या तोंडून यायचे.

त्या तबकडीला वेगळे कव्हर म्हणावे असे काही नव्हते. खाकी किंवा फिक्या रंगाच्या कागदाची पिशवी, तिला मधोमध वाटोळे भोक, आणि भोकातून दिसणारे लेबल. पिशवीवर चित्र असलेच तर ते दुकानदाराच्या नावाचे, सुयांच्या जाहिरातीचे किंवा यंत्राचे असे. गाण्याशी त्याचा काही संबंध नसे. सगळ्या तबकड्या एकाच पोशाखात यायच्या. नाट्यपद असो, ठुमरी असो, नाहीतर विनोदी संवाद असोत, भोकातून तोच कुत्रा त्याच कर्ण्यात डोकावत बसलेला. हा कुत्रा मात्र जगातला सर्वांत प्रसिद्ध श्रोता म्हणावा लागेल. फ्रान्सिस बरॉ या चित्रकाराने आपल्या मृत भावाच्या निपर नावाच्या कुत्र्याचे चित्र काढले, तेव्हा त्यात एडिसनच्या पद्धतीचे नळकांडीचे यंत्र होते. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना ते यंत्र पुसून तबकडीचे यंत्र रंगवून घेतले. निपर स्वतः त्याआधीच, १८९५ मध्ये, मेला होता. आमच्या लहानपणी फोनोजवळ बसलेल्या मुलांना तो कुत्रा जिवंत वाटे, आणि तबकडी फिरू लागली की त्याला घेरी कशी येत नाही याचे नवल वाटे.

चेहरा नसण्याचा एक लाभ होता आणि तो लहान नव्हता. ज्या गायिकेच्या कोठीवर घरंदाज माणूस उघडपणे जात नसे, आणि जिच्या बैठकीत त्याच्या घरच्या बायकांना पाऊल टाकणे शक्यच नव्हते, तिचा आवाज खाकी पिशवीतून माजघरापर्यंत पोहोचला. कंपन्यांच्या सूचिपत्रांत गायिकांची छायाचित्रे असत, नाही असे नाही. पण सूचिपत्र दुकानात राही आणि तबकडी घरी येई. पाहायचे नाही पण ऐकायचे, अशी तडजोड त्या बिनचेहऱ्याच्या कागदाने शक्य केली. उलट दिशेनेही हेच झाले. प्रतिष्ठित कुटुंबातल्या स्त्रीने तबकडीसाठी गाणे हे धाडस होते. चित्तरंजन दासांच्या भगिनी अमला दास यांच्या बंगाली तबकड्यांवर नाव आहे ते नुसते 'मिस दास', आणि त्यापुढे 'ॲमॅच्युअर' हा शब्द. आम्ही हौशी, पेशाच्या नव्हे, एवढे सांगण्यासाठी तो शब्द आहे. दोन इंचांच्या लेबलावर तो एक शब्द काय करीत होता हे आपण ओळखावे. ऐकणाऱ्याने हे गाणे कोणत्या मनाने ऐकावे ते तो ठरवीत होता. त्याच गळ्यातून तोच सूर त्या शब्दाविना आला असता तर कित्येक घरांत तो वेगळा ऐकू आला असता.

आता थोडे परदेशी जाऊ, कारण कव्हराचा खरा जन्म तिकडचा. मोठी सिम्फनी एका तबकडीवर मावत नसे. तिला चार-पाच तबकड्या लागत. १९०९ मध्ये ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीची 'नटक्रॅकर' संगीतमाला चार दुबाजू तबकड्यांत एकत्र विकली. पुढे अशा तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या शिवलेल्या पानांत घालून मिळू लागल्या, आणि म्हणून त्या संचाला 'अल्बम' हे नाव पडले. आज एका तबकडीलाही, किंबहुना तबकडीच नसलेल्या गाण्यांच्या यादीलाही आपण अल्बम म्हणतो, ते नाव या पुठ्ठ्याच्या बांधणीचे आहे. बाहेरून हे अल्बम करडे किंवा तपकिरी असत. पुठ्ठ्यावर फक्त नाव उठवलेले. धंद्यातली माणसे त्यांना थडगी म्हणत.

१९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुणाला कोलंबिया कंपनीने जाहिरातीच्या कामासाठी घेतले. त्याचा जन्म १९१७ चा. ही थडगी पाहून त्याने मालकांना म्हटले की यांच्यावर मी चित्रे काढतो. मालकांना खर्चाची धास्ती होती, पण त्यांनी करून पाहू दिले. १९४० मध्ये निघालेल्या पहिल्या कव्हरासाठी, रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांच्या संचासाठी, त्याने न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरच्या दर्शनी दिव्यांच्या पाटीवरील अक्षरे एका रात्रीपुरती बदलून घेतली आणि तिचे छायाचित्र काढले. कव्हर हातात घेणारा माणूस जणू नाटकगृहाच्या दारात उभा! आत जाऊन खुर्चीत बसायचे तेवढे बाकी. त्याला वाटे की कव्हर पाहतानाच माणसाला संगीत ऐकू यायला हवे. बेथोव्हेनच्या 'एरोइका'ला नवे कव्हर चढवल्यावर तिची विक्री ८९५ टक्क्यांनी वाढली, असे त्या काळच्या 'न्यूजवीक' साप्ताहिकाने छापले होते. टक्केवारी इतकी नेमकी असली की आम्हाला थोडा संशय येतो. पण कंपनीचा संशय फिटला एवढे निश्चित. थडगी गेली आणि दुकानाच्या भिंती रंगीत झाल्या.

यानंतर तबकडीचे द्रव्यच पालटले. जुनी तबकडी लाखेची. आपल्याकडे छोटा नागपूरच्या रानांत पळस-कुसुमाच्या झाडांवर किडे जी लाख करतात, जिच्या आपल्या बायका बांगड्या भरीत, तीच लाख जगभरच्या तबकड्यांत होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाखेची टंचाई पडली आणि व्हिनाइल या कृत्रिम द्रव्याकडे कारखान्यांचे लक्ष वळले. १९४८ च्या जूनमध्ये कोलंबियाने मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी, एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी दीर्घवादी तबकडी काढली. तिच्या खाचा इतक्या बारीक की जाड खाकी कागदाच्या घडीने तिला चरे पडू लागले. तेव्हा पुन्हा स्टाइनवाइसलाच उपाय शोधायला सांगितले. पातळ पुठ्ठा, त्यावर छापील कागद, तीन बाजू बंद आणि एक उघडी, असे जे चौकोनी पाकीट त्याने घडवले तेच पुढे जगाने उचलले. म्हणजे ज्याला आपण कलेचे माध्यम समजतो ते चरे टाळण्याच्या उद्योगातून निघाले. पण एकदा फूटभर रुंद आणि फूटभर उंच असा कोरा चौकोन, आणि तोही ऐकणाऱ्याच्या मांडीवर वीस-वीस मिनिटे पडून राहणारा, हाती आल्यावर चित्रकार तो सोडतात होय!

अमेरिकेतल्या ब्लू नोट कंपनीची जॅझची कव्हरे याचा नमुना म्हणून पाहावीत. फ्रान्सिस वुल्फ याने तालमीच्या वेळी टिपलेली छायाचित्रे आणि रीड माइल्स याची मांडणी. पैसा बेताचा, म्हणून बहुधा एक-दोन रंगांत काम भागवायचे. वादकाचा अर्धा चेहरा, सिगारेटचा धूर, आणि चौकोनभर पसरलेली ठोकळ्यांसारखी अक्षरे. जॅझ म्हणजे रात्र, धूर आणि एकटेपणा ही जी समजूत जगभर पसरली, तिच्यात या कव्हरांचा वाटा मोठा आहे. आणि मौज अशी की रीड माइल्सला स्वतःला जॅझची फारशी आवड नव्हती. तो पाश्चात्य अभिजात संगीत ऐकणारा. त्याला मिळालेल्या तबकड्या तो देऊन टाकी असे सांगतात. ज्याने लाखो लोकांना जॅझ कसा ऐकावा हे शिकवले त्याने तो फारसा ऐकलाच नाही. यात ढोंग नाही. कव्हर करणारा कित्येकदा बाहेरचा माणूस असतो आणि बाहेरून येणाऱ्या श्रोत्याला बाहेरच्याच माणसाचे बोट धरणे सोयीचे पडते.

१९६७ मधले बीटल्सचे 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' हे कव्हर सर्वांना ठाऊक आहे. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी ते रचले, मायकेल कूपरने छायाचित्र घेतले. बीटल्स रंगीत बँडच्या पोशाखात उभे, आणि पाठीमागे साठेक नामांकितांची गर्दी. मागच्या बाजूस गाण्यांचे शब्द छापले होते. रॉक संगीतात ती नवी गोष्ट होती, आणि तिने ऐकण्याची रीत पालटली. तोवर नाचताना ऐकायचे गाणे आता पुस्तकासारखे वाचीत ऐकायचे झाले. यात आमचा संबंध कोठे येतो? त्या गर्दीत लाहिरी महाशय, युक्तेश्वर आणि योगानंद उभे आहेत. जॉर्ज हॅरिसनने सुचवलेली ती नावे. महात्मा गांधीही होते. पण ईएमआयचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवूड यांनी त्यांचे चित्र काढायला लावले. भारतात लोक दुखावतील आणि तेथे हे कव्हर छापता येणार नाही, अशी त्यांना भीती वाटली. कलकत्त्याजवळ डमडमला त्यांच्याच समूहाचा कारखाना होता. गांधीजी होते त्या जागी आता झाडाची पाने आहेत. लॉकवूड यांचा अंदाज चुकीचा होता असे आम्हाला वाटत नाही. तमाशाच्या फडासारख्या त्या गर्दीत गांधीजी पाहून आपल्याकडे गदारोळ झालाच असता. एवढे मात्र ध्यानात घ्यावे की आवाजातला एकही सूर त्या चित्राशी बांधलेला नव्हता. तरीही गाणे विकले जाईल की जळेल हे त्या चित्रावर अवलंबून आहे, हे धंद्यातल्या माणसाने बरोबर जाणले होते.

आपल्या संगीताला दीर्घवादी तबकडी मिळाली तेव्हा अडचण निराळी होती. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदाची तबकडी मुद्रित झाली. तबल्यावर चतुरलाल होते. ज्याने सरोद कधी पाहिला नाही, राग आणि ताल हे शब्द कधी ऐकले नाहीत, अशा श्रोत्यापुढे हे वीस मिनिटांचे वादन ठेवायचे कसे? तेथे यहुदी मेन्युहिन यांनी स्वतःच्या आवाजात प्रास्ताविक केले. राग कोणता, ताल कोणता, वाद्ये कोणती हे सांगितले, आणि ते तबकडीवरच मुद्रित झाले. गौहरजानची घोषणा आठवावी. पुन्हा एकदा मुखपृष्ठ आवाजात शिरले. फरक एवढाच की आता ते आरंभी आले आणि दुसऱ्याच्या तोंडून आले.

मुंबईत एचएमव्हीचे ध्वनिमुद्रण गो. ना. जोशी पाहत. भावगीत गायक म्हणून नाव मिळवलेला हा माणूस. १९६७ मधली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. अहिर भैरव व नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी असा क्रम. आता एखाद्या जाणकाराला नुसती ही नावे दिली तर तो म्हणेल, पहाटेपासून रात्रीपर्यंतचे राग ओळीने लावले आहेत, ठीक आहे. पण तबकडीसोबत एक गोष्ट दिलेली होती: काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. आणि त्या गोष्टीने जादू केली. राग न कळणाऱ्या हजारो माणसांनी, देशात आणि परदेशात, अहिर भैरवात डोंगरावरचे उजाडणे ऐकले, आणि पहाडीत प्रेमिकांची भेट. संतूर हे वाद्य मुळात काश्मीरचे, तेव्हा गोष्टीला आधार होता हे मान्य. तरी पण सांगा, गोष्ट वाचली नसती तर मेंढपाळ कोणाला भेटला असता?

या तबकडीवर काही शुद्धतावाद्यांचा राग असतो. रागाला स्वतःचे रूप असताना त्याच्या गळ्यात मेंढपाळ का अडकवावा, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. परंतु मारव्याच्या गळ्यात मावळता सूर्य कोणी अडकवला? समयचक्र हेही एका अर्थी रागाचे कव्हरच आहे, फक्त ते पुठ्ठ्याहून जुने आहे. ज्या माणसाने सहा महिने दरबारीत सूर्यास्त पाहिला त्याला या बाबतीत शुद्धतावाद परवडत नाही.

अगदी उलट उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. माडगूळकरांची छप्पन्न गीते, फडक्यांच्या चाली, दर आठवड्याला एक. ना चित्र, ना कव्हर, ना मेंढपाळ. पुढे निघालेली पुस्तके आणि तबकड्या बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी होता तो फक्त आवाज. त्या दिवसांत कित्येक घरांत रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, असे जुनी माणसे सांगतात. आम्हाला त्यात भाबडेपणापेक्षा निराळे काही दिसते. डोळ्याला कोठेतरी टेकायला जागा हवी होती, आणि लाकडी खोक्याखेरीज समोर काही नव्हते. तरी प्रत्येकाचा राम ज्याचा त्याचा राहिला. एका घरात तो रविवर्म्याच्या तसबिरीसारखा असेल, दुसऱ्यात देवघरातल्या मूर्तीसारखा, तिसऱ्यात शेजारच्या गल्लीतल्या एखाद्या सज्जन मुलासारखा. कोणत्याही चित्रकाराने त्या सर्वांना एकच चेहरा दिलेला नव्हता. कव्हराने आपल्याला पुष्कळ दिले, पण हे त्याने काढून घेतले, आणि त्याचे मोल कोणी हिशेबात धरीत नाही.

पुढची हकीकत झपाट्याने सांगण्यासारखी आहे, कारण ती आक्रसण्याचीच आहे. कॅसेट १९६३ मध्ये निघाली आणि ऐंशीच्या दशकात तिने आपली बाजारपेठ व्यापली. फूटभर चौकोनाचा तळहाताएवढा कागद झाला, त्यावर गायकाचा चेहरा एवढाच कसाबसा मावे. सीडीच्या डबीने थोडी जागा परत दिली, बारा सेंटिमीटर. आणि आता दूरध्वनीच्या पडद्यावर ते चित्र अंगठ्याच्या नखाएवढे उरले आहे. मागची बाजूच नाही, तेव्हा तबल्यावर कोण, तंबोऱ्यावर कोण, राग कोणत्या वेळचा, हे सांगणारी जागाही नाही. तंबोऱ्याची साथ करणाऱ्या शिष्येचे नाव जुन्या कव्हराच्या मागे बारीक अक्षरांत का होईना, सापडे. आमच्या मते चित्र लहान झाल्यापेक्षा ही हानी मोठी आहे. अलीकडे तरुण मंडळी पुन्हा मोठ्या तबकड्या विकत घेऊ लागली आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या घरी तबकडी वाजवायचे यंत्र नसते असे ऐकून आम्ही आधी हसलो; मग आमच्याकडे खोकाभर कव्हरे अशी आहेत की ज्यांतल्या तबकड्या केव्हाच फुटल्या, हे आठवून गप्प बसलो.

एक कव्हर राहिले, आणि ते आपल्याला पुन्हा पाहायला मिळणार नाही. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तांब्याची तबकडी आहे. पंचावन्न भाषांतले अभिवादन तीत आहे, त्यांत मराठीही आहे. संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत, आणि त्यांत भारताचा एकच: गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी, जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून घेतलेली, साडेतीन मिनिटांची. केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फारशा उत्साही नव्हत्या; गाणे असे डबीत भरून वाटण्याची गोष्ट त्यांना रुचत नसे.

त्या तबकडीचे कव्हर ॲल्युमिनियमचे आहे. ते ज्याच्या हाती पडेल त्याची भाषा कोणती, त्याला कान आहेत की नाहीत, डोळे आहेत की नाहीत, काहीच ठाऊक नाही. म्हणून त्यावर अक्षर एकही नाही. वरच्या कोपऱ्यात तबकडी आणि तिच्यावर टेकवलेली सुई कोरली आहे. एक फेरा किती वेळात व्हावा हे हायड्रोजनच्या अणूच्या मापाने, रेघा आणि टिंबांनी लिहिले आहे. खाली चौदा स्पंदक ताऱ्यांच्या खुणेने आपल्या सूर्याचा पत्ता दिला आहे. पत्र्यावर युरेनियमचा एक बारीक थर आहे, तो किती झिजला यावरून हे कव्हर केव्हा बनवले ते काढता यावे. तबकडीसोबत वाजवायची सुईही ठेवली आहे. कसे वाजवावे याची इतकी काळजी आजवर कोणत्याही कव्हराने घेतलेली नाही.

केसरबाईंचे नाव त्यावर नाही. भैरवीचेही नाही. आणि आपल्याकडे भैरवी सुरू झाली की बैठकीतली माणसे चपला शोधू लागतात, गाणे आता संपत आले हे कोणी न सांगता सर्वांना कळते, ते हायड्रोजनच्या मापात लिहिता येत नाही. सत्तावीस तुकड्यांत ती शेवटून तिसरी लागते. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ते यान सूर्याच्या वाऱ्यांची हद्द ओलांडून बाहेर पडले. तबकडी अजून कव्हरातच आहे.